यंत्रात अडकलेला गणिताचा पेपर

छापखान्यातला संगणक त्या सकाळी सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. मी ती मोठ्याने वाचली, कारण खोलीतल्या तिघांपैकी वाचू शकणारी मी एकटीच होते. ताईंना दिसत नाही आणि बाबांचा चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"सापडली नाही म्हणजे?" बाबा म्हणाले. "काल संध्याकाळी तर इथेच होती."

बाबा म्हणजे माझे सासरे. हा ब्रेल छापखाना त्यांनी काढला, आणि आता तो माझी थोरली नणंद, म्हणजे ताई, चालवतात. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. परीक्षांच्या दिवसांत सुट्टी काढून इथे येते, कारण छापील प्रश्नपत्रिका ताईंना वाचून दाखवायला कुणीतरी डोळस माणूस लागतं. मी वाचते, ताई ती ब्रेलमध्ये उतरवतात आणि मग कोपऱ्यातलं मोठं यंत्र जाड कागदावर खडखड करत ठिपके उठवतं. त्याला एम्बॉसर म्हणतात. घरात आम्ही त्याला हत्ती म्हणतो. त्याची केबल जुन्या पद्धतीची, रुंद तोंडाची आहे, आणि ती बसेल असा संगणक आमच्याकडे हा एकच.

अंधांच्या शाळेचा गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी होता. संध्याकाळी गाडी येऊन प्रती घेऊन जाणार होती. पेपर तयार होता, तपासून झाला होता, फक्त छापायचा राहिला होता. आणि तो होता या संगणकाच्या डिस्कवर, जगात फक्त तिथेच. परीक्षा मंडळाची तशी अटच असते. एक यंत्र, त्याला इंटरनेट नाही, दुसरी प्रत नाही, मूळ छापील कागद काम झालं की सीलबंद परत. दुसरी डिस्क आम्ही हौसेने बसवून घेतली होती, पहिलीसारखीच, त्याच कंपनीची आणि तेवढीच मोठी. पण तिच्यावर काही ठेवायची परवानगीच नसल्यामुळे ती कोरीच राहिली होती.

ब्रेल पेपर पोचला नाही तर परीक्षा रद्द होत नाही. प्रत्येक मुलाशेजारी एक वाचक बसवतात आणि तो प्रश्न वाचून दाखवतो. इतिहासाचं तेवढ्यावर भागतं. गणिताचं भागत नाही. ताई स्वतः एकदा अशाच परीक्षेत नापास झाल्या होत्या, कारण वाचणाऱ्या बाईंनी कंस कुठे उघडतो ते सांगितलं, पण कुठे मिटतो ते सांगितलं नाही. ताई ही गोष्ट हसत हसत सांगतात. पण गणिताचा पेपर आला की त्या तो दुसऱ्या कुणाकडे देत नाहीत. या पेपरात आलेख होते. एकेक रेघ बोटाला वेगळी लागावी म्हणून त्यांनी किती वेळा ती उठवून बघितली, मोडली आणि परत बसवली ते मी पाहिलं होतं. मूळ कागद परत गेलेले. पुन्हा करणं शक्यच नव्हतं.

माझ्या पर्समध्ये लिनक्सचा, म्हणजे एका वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांसाठी मी तो जवळ ठेवते. त्यावरून संगणक सुरू केला तर डिस्कवरचं काही न बदलता आत डोकावून बघता येतं. मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोकाव. पण हात लावू नकोस."

पेन ड्राइव्ह आधी वाचला जावा म्हणून मी संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरले. तो निळा, खडबडीत अक्षरांचा पडदा जो कुठलीही सिस्टिम सुरू व्हायच्या आधी येतो, तो. तिथे तारीख चुकीची होती, कित्येक वर्षं मागची. भिंतीवरची वाकडी तसबीर जाता जाता सरळ करावी तशी मी ती सरळ केली, विचार न करता. मग सुरू होण्याच्या पद्धतीचा पर्याय दिसला. संगणक दोन पद्धतींनी सुरू होऊ शकतो, एक जुनी, लेगसी, आणि एक नवी, यूईएफआय. ज्या पद्धतीत सिस्टिम बसवली असेल त्याच पद्धतीत ती उठते. दुसऱ्या पद्धतीत संगणक तिच्याकडे बघतही नाही. इथे लेगसी निवडलेली होती. माझा पेन ड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी चालतो, पण नवी बरी म्हणून मी यूईएफआय केलं, पेन ड्राइव्हला पहिला नंबर दिला आणि बाहेर पडले.

लिनक्स आलं. डिस्क उघडली. ताईंचं फोल्डर होतं, त्यात गणित होतं, आणि त्याचा आकार तेवढाच होता जेवढा असायला हवा.

"आहे," मी म्हणाले.

ताईंनी खुर्चीचा हात धरला होता, तो सोडला.

पण नुसतं असून उपयोग नव्हता. हत्तीला चालवायला त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. तो यंत्राबरोबर आलेल्या सीडीवर लिनक्ससाठीही होता, पण बसवल्यावर संगणक पुन्हा सुरू करायला सांगत होता, आणि पेन ड्राइव्हवरचं लिनक्स पुन्हा सुरू केलं की सगळं विसरतं. म्हणजे लिनक्स नीट, कायमचं बसवायला हवं होतं. कोरी डिस्क होतीच. मी दोनदा तपासून कोरीच निवडली. संगणक पुन्हा सुरू केला, यादी न वाचताच वरचं नाव निवडलं, लिनक्स स्वच्छ उठलं. हत्तीचा प्रोग्रॅम चढवायला लावला, तो चढला आणि आता एकदा बंद करून सुरू करा म्हणाला.

तेवढ्यात बाबांनी जेवायला हाक मारली. मी नाही म्हणत होते. ताई म्हणाल्या, उपाशीपोटी माणूस चुकीचं बटण दाबतं. मी संगणक बंद केला. बाबा नेहमीसारखे सगळ्यांत मागे राहिले, खिडक्या लावल्या, मेन बघितला, दाराला कडी घातली, आणि आम्ही वरच्या मजल्यावर घरी जाऊन चार घास खाल्ले. मी खूप बोलले त्या जेवणात. ताईंनी नंतर मला तेही ऐकवलं.

जेवून खाली आलो. संगणक सुरू केला. काळा पडदा, पांढरी ओळ. ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही.

या वेळी मी ती मोठ्याने वाचली नाही. ताईंनी थोडा वेळ वाट बघितली आणि विचारलं, "काय म्हणतोय?"

मी सांगितलं. बाबांनी "आपली सूनबाई हुशार, पण यंत्र द्वाड" असं काहीतरी पुटपुटलं. माझं सांत्वन म्हणून होतं ते, पण झोंबलं.

मी नवऱ्याला फोन लावला. तो कामानिमित्त दुसऱ्या गावी असतो. लग्नाआधी काही वर्षं त्याने संगणक दुरुस्तीच्या दुकानात काढली आहेत आणि तो अनुभव त्याला अजून पुरतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, विज्ञान शिकलेल्या बायकोला आपला सल्ला लागतो याचा थोडा आनंदही घेतला, आणि मग म्हणाला की बसवताना काहीतरी अर्धवट राहिलं असणार, पुन्हा बसव. मी म्हटलं, पण ते एकदा सुरू झालं होतं, मी स्वतः पाहिलं. तो म्हणाला, एकदा सुरू होणं म्हणजे सुरू होणं नव्हे.

मी पुन्हा पेन ड्राइव्ह लावला. या वेळी सेटिंगमध्ये न जाता सुरुवातीलाच एक बटण दाबून यादी आणली, पेन ड्राइव्हचं नाव निवडलं आणि लिनक्स बसवायला घेतलं. कुठल्या डिस्कवर, असं त्याने विचारलं तेव्हा माझा हात थांबला. सकाळी एक भरलेली होती आणि एक कोरी, चूक होणंच शक्य नव्हतं. आता दोन्ही भरलेल्या होत्या. नाव तेच, आकार तोच. एकीवर मी सकाळी बसवलेलं लिनक्स होतं आणि दुसरीवर गणिताचा पेपर.

फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. नवरा म्हणाला, "पहिली जुनी, दुसरी नवी. दुसरी पूस आणि पुढे जा."

"पहिली पहिलीच राहते कशावरून? यादीतला क्रम बदलू शकतो."

"बदलत नाही सहसा."

"सहसा म्हणजे?"

ताई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, सहसा हा शब्द फोनच्या तिकडेच ठेव."

तेव्हाच छापखान्याचा जुना फोन वाजला. ताईंनी घेतला. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या फक्त गाडीची वेळ विचारत होत्या. पण ताई खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगून टाकलं की यंत्र अडलंय. मग पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मोठ्या बाई म्हणत होत्या की वाचक हवे असतील तर निरोप आत्ताच द्यायला हवा. शाळा सुटली की माणसं पांगतात, मग उद्या सकाळी कुणी मिळणार नाही. वाचकही नाहीत आणि पेपरही नाही असं झालं, तर मुलं कोऱ्या टेबलासमोर बसतील. ताईंनी फोन कानाशी तसाच धरला आणि माझ्या दिशेला तोंड वळवलं.

"अगं, मी काय सांगू?"

मी म्हटलं, शाळा सुटायच्या आत सांगते. ताईंनी तेवढंच पलीकडे सांगितलं आणि फोन ठेवला.

नवऱ्याचा धीर सुटत चालला होता. "हे बघ, तू नुसतं पुढे जा म्हण. काही होत नाही." मी पडद्याकडे बघितलं. तिथे डिस्कच्या यादीवर आणखी एक चौकट उघडली होती, जी मी घाईत वाचलीच नव्हती. हा संगणक जुन्या पद्धतीने सुरू झाला आहे, पण डिस्कवरच्या सिस्टिम नव्या पद्धतीने बसवलेल्या दिसतात. पुढे गेलात तर त्या सुरू न होण्याची शक्यता आहे. खाली दोन बटणं. मागे जा. पुढे जा.

मी ती चौकट पुन्हा वाचली. मग माझ्या वर्गात मुलांना सांगते तसं स्वतःला सांगितलं: वाचलेलं आधी समजून घे, मग उत्तर दे.

जुन्या पद्धतीने सुरू झाला आहे. कसा? सकाळी मी स्वतः नवी पद्धत निवडली होती.

आणि डिस्कवरच्या सिस्टिम, असं म्हटलं होतं. एक नव्हे, दोन. माझं लिनक्स नव्या पद्धतीचं, हे ठीक. पण ताईंची जुनी सिस्टिमही?

मी मागे जा दाबलं, नवऱ्याला थांब म्हटलं, संगणक पुन्हा सुरू करून त्या निळ्या पडद्यावर गेले. पद्धत: लेगसी. तारीख: कित्येक वर्षं मागची, सकाळी होती तीच. मी सरळ केलेली तसबीर पुन्हा वाकडी झाली होती.

यंत्र खराब नव्हतं, ते विसरत होतं. सकाळी सांगितलेलं जेवणापर्यंत लक्षात होतं, जेवणानंतर नाही. संगणक बंद केल्याने ते विसरत असतं, तर सकाळी मधे पुन्हा सुरू केला तेव्हाच विसरलं असतं. बंद करणं आणि पुन्हा सुरू करणं यांच्यामध्ये आणखी काहीतरी झालं होतं.

"बाबा, आपण जेवायला गेलो तेव्हा तुम्ही इथे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? खिडक्या लावल्या. मेन बंद केला. कडी घातली."

"मेन बंद केला?"

"रोज करतो. जेवताना आणि संध्याकाळी." आवाज जरा चढला. "पहिला छापखाना जळाला तो एका चालू राहिलेल्या वायरने. तेव्हापासून मेन पाडल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आता तोही माझा गुन्हा का?"

गुन्हा नव्हता. संगणकाच्या आत नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. संगणक बंद असला तरी भिंतीतून थोडी वीज येत असते आणि तारीख, सेटिंग वगैरे तिच्यावर टिकतं. ती वीजही तोडली तर सगळा भार त्या बॅटरीवर पडतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं रोज दोनदा वीज तुटत होती. बॅटरी बिचारी रात्रपाळी करून करून संपली होती. काल संध्याकाळी मेन पडला तेव्हा संगणक पहिल्यांदा सगळं विसरला, आणि कारखान्यातून येताना जसा होता तसा झाला: लेगसी. ताईंची सिस्टिम ज्याने बसवली त्याने ती नव्या पद्धतीने बसवली असणार. म्हणून सकाळी ती सापडली नाही. बिघडली नव्हती. संगणक चुकीच्या दाराशी उभा राहून घरात कुणी नाही म्हणत होता.

हे मी बाबांना आणि ताईंना समजावत बसले नाही. अजून ते खरं ठरायचं होतं. मी यूईएफआय निवडलं. पेन ड्राइव्ह उपटून टेबलावर ठेवला. सेटिंग जतन केलं. नवरा फोनवरून विचारत होता की काय चाललंय, त्याला ताईंनी "जरा श्वास घे" म्हणून सांगितलं.

पडद्यावर दोन नावं आली. वर माझं लिनक्स. त्याखाली जुनी सिस्टिम.

वरचं निवडलं असतं तर हत्तीचा नवा प्रोग्रॅम चालतो की नाही हे बघत बसावं लागलं असतं. मी खालचं निवडलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. बाबा उठून उभे राहिले. मी माझ्या दोन्ही हातांवर बसले, कारण ते कुठल्यातरी बटणाकडे जात होते.

आधी आवाज आला. ताईंच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. त्याचा आवाज भराभर आणि कोरडा आहे, म्हणून ताई त्याला कारकून म्हणतात. मला अजून पडद्यावर काही दिसत नव्हतं तेव्हा कारकून म्हणाला, पासवर्ड टाका.

ताईंनी मला खुर्चीवरून उठवलं. खांद्याला हात लावून, अगदी सौम्यपणे, पण उठवलंच. स्वतः बसल्या, पासवर्ड टाकला, फोल्डर उघडलं. कारकून म्हणाला: गणित. त्यांनी फाइल उघडून पहिला प्रश्न ऐकला, शेवटचा ऐकला. मग जुना फोन ओढून शाळेचा नंबर फिरवला.

मी म्हटलं, "ताई, अजून हत्ती चालून बघितला नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पलीकडे मोठ्या बाई आल्या. "वाचक नकोत. पेपर येतोय."

त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी एक प्रत छापायला टाकली. हत्तीने कागद ओढला, थांबला, विचार केल्यासारखा थांबूनच राहिला, आणि मग खडखडायला लागला. पहिला कागद तिरका गेला आणि आलेखावर चुरगळला. दुसरा सरळ आला. ताईंनी तो उभ्या उभ्या वाचला. दोन्ही हातांची बोटं आधी ओळींवरून, मग आडव्या अक्षावरून, उभ्या अक्षावरून, आणि शेवटी त्या तिरक्या रेघेवरून गेली, जिथे त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घालवला होता.

"टाक बाकीच्या," त्या म्हणाल्या.

दुपारभर हत्ती चालला. त्या आवाजात बोलता येत नाही. बाबा स्टूल घेऊन मेनच्या पेटीखाली जाऊन बसले. मी खुणेने विचारलं तर ओरडून म्हणाले की दुसऱ्या कुणाचा भरवसा आहे, स्वतःच्या हाताचा नाही. सवयीचा हात आहे, उठला की जाईल. मधेच मी चहा दिला तर तो त्यांनी तिथेच घेतला. नवऱ्याचा फोन पुन्हा आला. त्याला मी थोडक्यात बॅटरीचं सांगितलं. तो म्हणाला, मी म्हणणारच होतो. मी फोन ठेवला.

गाडी आली तेव्हा शेवटचा गठ्ठा शिवायचा राहिला होता. गाडीवाला दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता, बाबा त्याला छापखान्याचा इतिहास सांगून थोपवत होते. मी मोजून प्रती दिल्या, ताईंनी प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पानावरून हात फिरवला, आणि पिशव्यांना सील लागलं. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा माझे पाय दुखत आहेत हे मला कळलं.

एक काम राहिलं होतं. बिघडलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही. ब्रेल फाडलं तरी तुकडे वाचता येतात. म्हणून तो पाण्यात भिजत घालून ठिपके बोटांनी चेपून सपाट करायचे असतात. ताई मोरीशी बादली घेऊन बसल्या. कागद पाण्यात घालायच्या आधी त्यांनी तो मांडीवर पसरला आणि चुरगळलेल्या आलेखाच्या वरचा प्रश्न वाचायला लागल्या. बोटं एका ठिकाणी थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. त्या गणित सोडवत होत्या.

"चौथा प्रश्न कठीण आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"खूप?"

"अभ्यास केला नसेल त्याला." त्यांनी कागद पाण्यात बुडवला. "बाकी कुणाला नाही."